दिवसाला पाच शब्द: वाई ते अमरावती

वऱ्हाडात जायचं ठरलं ते माझ्या सासऱ्यांच्या एका वाक्यावर. "नोकरी लागली की कळवा, मुलीला पाठवतो," असं म्हणून ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. लग्नाला चार वर्षं झाली होती, यमुना अजून माहेरीच होती, आणि मी वाईच्या शाळेत मदतनीस पंतोजी, म्हणजे नोकरी असून नसल्यासारखा. तिकडे अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेला कापूस मिळेनासा झाला होता, म्हणून गोरे व्यापारी थेट अमरावतीत येऊन बसले होते. त्यांतल्या एकाला दुभाषा हवाय, असं मामेभावानं कळवलं. साहेब स्वतः परीक्षा घेणार होता. मी शाळेला रामराम ठोकला आणि निघालो.

माझी तयारी दांडगी होती. लहानपणी श्लोक पाठ केले तसंच इंग्रजी शब्दांचं अख्खं पुस्तक मी पाठ केलं होतं, ए पासून झेडपर्यंत एका दमात. वाईत लोक ऐकायला जमायचे आणि एकाही शब्दाचा अर्थ न कळता माना डोलवायचे. त्यामुळे माझी छाती अंमळ फुगलेलीच होती.

पुण्याहून आगगाडीनं खानदेशात जिथे रूळ संपतात तिथवर जाता येतं. पुढे बैलगाडी. कापसाच्या दिवसांत सगळ्या गाड्या रुई वाहण्यात गुंतलेल्या असतात, तेव्हा माल उतरवून वऱ्हाडाकडे रिकामी परतणारी गाडी शोधा, स्वस्तात पडते. बैलांची वैरण कोणाकडे हेही आधीच ठरवून घ्या. मला अकोल्याचे गाडीवान हुसेनभाई भेटले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलण्यात वऱ्हाडी आणि उर्दू अशी एकत्र कालवलेली की पहिला दिवसभर मी नुसता "हो हो" करत होतो.

मलकापूरच्या पुढे काळी जमीन सुरू होते. दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, मधून चाकोऱ्यांचा रस्ता, आणि धूळ इतकी की माझं धोतर दुसऱ्या दिवशी जमिनीच्याच रंगाचं झालं. मी मात्र डोळे मिटून पाठांतर करत होतो. हुसेनभाईंनी बराच वेळ ऐकलं, मग चाबूक चाकाकडे रोखून याला साहेब काय म्हणतो, असं विचारलं.

मला येत होतं. पण तिथवर पोचायला डब्ल्यूच्या सुरुवातीपासून म्हणत यावं लागलं. 'व्हील' हाती लागेपर्यंत गाडी नाला ओलांडून गेली. हुसेनभाई इतके हसले की बैलही थांबले. मला राग आला, पण परीक्षाही आठवली. साहेब काही नाला ओलांडेपर्यंत थांबणार नव्हता.

"तुमी कावून पाठ करून राहिले, पंडित?" ते म्हणाले. "मले तेलंगी येते, गुजराती येते. पर म्या एकबी शब्द पाठ नाई केला. तेलंगणात तहानेनं जीव चालला होता, विहिरीवर एका बाईनं 'नीळ्ळु' म्हनून पानी वतलं. आता तो शब्द मी मेल्यावरच भुलीन."

त्यांनी पुस्तक माझ्या पेटीत टाकलं आणि पेटीवर स्वतः बसले. मग नियम ठरले. दिवसाला पाचच शब्द. जी वस्तू समोर येईल तिचाच, हात लावून, वास घेऊन. पुढच्या मुक्कामाला आधी कालचे पाच, मग आजचे. आणि शब्द आठवला नाही तर पाठ म्हणायचं नाही, तो कुठे भेटला ती जागा आठवायची. खामगावच्या धर्मशाळेत मी पिठलं करपवलं तेव्हा 'बर्न' मिळाला. धुळीनं ठसका लागला तेव्हा 'डस्ट'. बाळापूरला नदीकाठी मुक्काम होता. पहाटे जागा झालो तर घोंगडी ओलीचिंब. हुसेनभाईंनी गवतावरच्या दंवातून हात फिरवून तो माझ्या गालाला लावला. मी थंडीनं किंचाळलो आणि मग म्हणालो, "ड्यू."

अकोल्यात मोर्णा नदीकाठी दोन दिवस बैलांना विश्रांती होती. ओळखीच्या एका भटजींकडे जवसाची चटणी आणि भाकरी जेवलो. वऱ्हाडात गेलात तर ही चटणी सोडू नका, फक्त पाणी जवळ ठेवा. तिथून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचेपर्यंत हुसेनभाईंना माझे निम्मे शब्द येत होते, आणि बैल 'स्टॉप' म्हटल्यावर थांबत होते. माझ्यापेक्षा तुम्हीच दुभाषे शोभला असतात, असं मी हुसेनभाईंना म्हणालो. त्यांना ते पटलेलंच होतं.

अमरावतीचा कापूसबाजार सकाळी पाहावा. रुईच्या गठ्ठ्यांच्या गाड्या लांबवर उभ्या असतात, आणि दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून न बोलता भाव ठरवतात. साहेबानं माझी परीक्षा तिथेच घेतली. पुस्तक नाही, टेबल नाही. तो एका गाडीपाशी गेला, वरच्या गठ्ठ्यात हात घातला आणि ओला हात बाहेर काढून ओरडायला लागला. वजन वाढवायला पाणी मारलंय, गाडी हाकला, एवढं मला कळलं.

गाडीचा मालक एक पोक्त शेतकरी होता. बाजारात एकदा पाणीमाऱ्या ठरला की त्याच्या मालाला कोणी हात लावत नाही, हे आजूबाजूच्यांच्या तोंडावर दिसत होतं. तो माझ्याकडे वळला.

"त्याले सांगा, मी पानी नाई मारलं. गाडी रातभर उघड्यावर होती. दंव पडलं."

घाबरून मी जुन्याच वाटेनं निघालो, डी, डॅम, डान्स, आणि पाठांतराची गाडी रुतली. साहेबानं घड्याळ काढलं. मग मी जागा आठवली. बाळापूर, नदी, गालावर तो गार हात.

"ड्यू, सर," मी म्हणालो. "नॉट वॉटर. लुक बिलो."

खालचा गठ्ठा ओढून काढला. कोरडा होता. साहेबानं दोन्हीकडे पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला, शेतकऱ्याकडे बघून मान हलवली आणि गाडी आत घेतली. मला त्यानं उद्यापासून यायला सांगितलं. पुढे व्याकरणाच्या माझ्या इतक्या चुका निघाल्या की तोच शरमला, पण नोकरी टिकली.

कापसाचा हंगाम संपल्यावर रजा घेऊन वाईला आलो. पाठ केलेल्या पुस्तकातली आता जेमतेम दोन पानं येतात. वाटेत मिळालेला शब्द मात्र एकही गेलेला नाही, आणि प्रत्येकासोबत हुसेनभाईंचं हसणं आपोआप ऐकू येतं. त्या माणसाची मला रोज आठवण येते.

सासऱ्यांना हे सगळं सविस्तर सांगितलं. ते ऐकून घेतात आणि सुपारी कातरतात, तसंच झालं. शेवटी त्यांनी पंचांग मागवून मुलीच्या पाठवणीला पौर्णिमेनंतरचा दिवस काढला. मी उठलो तेव्हा माजघराच्या दाराआडून यमुना हळूच म्हणाली, "तिकडची भाषा मला येत नाही. पण पाठ करायला लावू नका हं. वाटेत एकेक दाखवा."