सिल्व्हर पार्क ते अहमदाबाद, नवऱ्याच्या केबिनमधून

"तू ट्रकमधून येणार? वसईसुद्धा गाठणार नाहीस," संतोष हसला, आणि तिथेच माझं जायचं पक्कं झालं. संतोष माझा नवरा. भाईंदरहून स्टीलची भांडी भरून गुजरातला नेतो. लग्नापासून हेच चाललंय, आठवडाभर रस्त्यावर आणि घरी आला की नुसती झोप. आता एका मोठ्या कंपनीने त्याला रिलेचं काम देऊ केलंय. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी न्यायची, पुढच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची, त्याने आणलेली गाडी घेऊन संध्याकाळी घरी. सोमवारी हो-नाही सांगायचं होतं आणि हा बाबा "बघू" म्हणत बसला होता. मला आणि पोरीला तो घरी हवा होता. अडतंय कुठे, तेच बघायला मी निघाले.

क्लीनर गावी गेल्यामुळे बाजूची सीट रिकामी होती, गाडीच्या मालकाने, शेठनेही हरकत घेतली नाही. आमच्या सिल्व्हर पार्कमधून निघून काशिमीऱ्याला हायवेला लागलो तर वर्सोवा पुलावर ट्रॅफिकने असं धरलं, की माझा डबा तिथेच संपला. बायकांनो, तुम्ही कधी निघालात तर मोठा पेट्रोल पंप दिसला की उतरून घ्या. पुढचं बरं स्वच्छतागृह कधी येईल, सांगता येत नाही.

मनोरच्या पुढे ढाब्यावर थांबलो. दालफ्राय, रोटी, कांदा. जेवणाऱ्या ड्रायव्हरला खाट आणि आंघोळ फुकट. शेजारच्या खाटेवर दुबेजी म्हणून एक वयस्कर ड्रायव्हर होते. मी सरळ त्यांनाच पगाराचं विचारलं.

"देखो भाभी, हम फेरीवाले. फेरी लगी तो पैसा, गाडी खडी तो हम भी खडे. पगारवाले का महिना बंधा, पीएफ, छुट्टी. पर हाथ में कम आता है."

"और रिले?"

"उसमें घर मिलता है. पर गाडी अपनी नहीं रहती. रोज दूसरे की सीट."

संतोष ताटात बघत जेवत राहिला.

सकाळी भरूचच्या अलीकडे त्याने गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवला. केबिनमध्ये मसाल्याचे डबे ओळीने लावलेले, देवाचा फोटो, पडद्याला माझी जुनी ओढणी. मी साखरेला हात घालायला गेले तर म्हणाला, "तू बस गं. झोप लागली ना नीट? पाठ नाही ना दुखली?" हाच माणूस घरी सोफ्याच्या कडेला बसतो आणि पाणीसुद्धा मागून घेतो. इथे पाहुणी मी होते. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतके दिवस मी समजत होते, तो पैशांसाठी अडलाय.

अहमदाबादच्या गोडाऊनवर वॉचमनने "ड्रायव्हर बाहर" म्हणून फाटक लावलं. सावली नाही, बसायला साधं बाकडं नाही. दुपार कलली तरी माल उतरवायला आमचा नंबर येईना.

"रोज असंच?" मी विचारलं.

"आज तर बरं आहे," तो म्हणाला.

येताना चारोटीजवळ चहा घेताना मी विचारलंच, "अहो, घरी यायची भीती वाटते का तुम्हाला?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "घरात तुझं आणि पोरीचं सगळं ठरलेलं असतं. मी आलो की कुठे बसू तेच कळत नाय."

"मग जागा करू. पण सोमवारी हो सांगायचं."

सांगितलं त्याने. सांगताना मी बाजूला उभी होते. हातात कमी येईल, पोरीचा एक क्लास बंद करावा लागेल, ते सगळं मी धरूनच चाललेय. ट्रकमधले डबे ओट्याजवळच्या फळीवर लावले, देवाचा फोटो देव्हाऱ्यात गेला, ओढणी मी धुतली.

पहिल्या दिवशी रिलेवरून तो खरंच संध्याकाळी आला. हातपाय धुऊन स्वतःच स्वयंपाकघरात गेला.

"अगं, साखर कुठे असते?"

मी उठायला निघाले होते. परत बसले.

"शोधा," म्हटलं.

आतून डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत राहिले. पोरगी माझ्याकडे बघून हसली. मी जागची हलले नाही. घर त्याचंही आहे, सापडेल.