उजव्या खांद्यावरचा डाग

यांच्या उजव्या खांद्यावर एक फिकट डाग आहे, खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपलीएवढा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे अजून माझे 'हे' झाले नव्हते. वहाळापलीकडच्या वाडीत वाणसामानाचं दुकान होतं, त्या घरातला मुलगा, एवढीच ओळख. देवळाची जत्रा होती, सांज उतरत होती. पालखीला खांदा देणारे पुरुष उघड्या अंगाने उभे होते आणि उजव्या दांडीचा मान यांच्या घराकडे होता. ढोल वाजत असणारच, पण माझ्या आठवणीत तो वाजत नाही. धूप, अबोलीच्या वेण्यांचा ओलसर वास, माडांपलीकडे समुद्राची गाज, आणि पालखी हलली की दांडीखालून दिसणारा आणि लपणारा तो डाग. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मावशीने चिमटा काढला तेव्हा कुठे भानावर आले.

डागाची कथा साधी होती. लहानपणी पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळवून यांना नायटा झाला. टाकळ्याचा पाला वाटून लावला असता तर आपोआप गेला असता, पण घरात कुणीतरी उतावीळ असतंच. काजूबीचं तेल चोळलं. ते तेल लागेल तिथली कातडी सोलून निघते. नायटा गेला, पण त्या जागेचा रंगही गेला तो कायमचा. पुढे उन्हात सगळं अंग तांबूस काळं झालं, तेवढी एक जागा गोरी राहिली.

आमच्या पत्रिका जुळल्या आणि बोलणी होणार तोच विहिरीवर कुणाच्या तरी तोंडून एक शब्द निघाला, 'कोड'. आमच्याकडे कोड म्हणजे महारोगच. अशा शब्दाला पाय लागत नाहीत, पंखच फुटतात. त्या वर्षीच्या जत्रेत पालखी उचलायच्या वेळी एका मानकऱ्याने यांच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हटलं, "तू आज रव रे. दुसरो कोण खांदो दितलो."

यांनी उपरणं खांद्यावर ओढून घेतलं आणि दीपमाळेशी जाऊन हात जोडून उभे राहिले. पालखी त्यांच्यासमोरून गेली. मला रडूच कोसळलं. लग्न करीन तर या माणसाशी, हे माझं मी तिथेच ठरवून टाकलं.

पण माझ्या ठरवण्याला विचारतो कोण! माझे बाबा शाळामास्तर. आरोग्याचा धडा ते मुलांना डोळे मिटून शिकवत, आणि स्वतः मात्र विहिरीवरच्या शब्दाला घाबरले. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, जिकडेतिकडे भरतीच्या गोष्टी चालत. एकदा ओटीवर पान जुळवताना बाबा शेजाऱ्याला म्हणाले, "सैन्यातलो डॉक्टर तेका उघडो करून बघात आनि बरो म्हणात, तर देतंय माझा चेडू."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. कधीच होणार नाही अशी गोष्ट बोलावी तसं ते बोलले. शेजारी हसला, बाबाही हसले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मिठातेलाच्या गिऱ्हाइकाबरोबर यांच्या दुकानात पोहोचलं.

हे गूळ आणायला म्हणून घाटावर गेले, ते थेट सैन्याच्या भरतीला. तिकडच्या हकिगती मी नंतर यांच्याकडून इतक्यांदा ऐकल्या आहेत की मीच त्या रांगेत उभी होते असं मला वाटतं. मोठं मैदान, पहाटेचं धुकं, लंगोट लावून कुडकुडणारी पोरं. डॉक्टर प्रत्येकाभोवती फिरून बघत होते. यांच्या खांद्याशी येऊन थांबले.

"हे काय?"

"लहानपणी नायटा झाला होता, साहेब."

"डोळे मीट. टोचलं की सांग."

महारोगाचा डाग मुका असतो, त्याला काही कळत नाही, हे यांनाही ठाऊक होतं. डोळे मिटून हे टाचणीची वाट पाहत उभे राहिले. आयुष्यात एवढी वाट कशाची पाहिली नाही, म्हणतात. टोचलं, आणि साहेबासमोर शुद्ध बोलायचं ठरवून गेलेल्या या माणसाच्या तोंडून निघालं, "कळता! कळता!"

डॉक्टर हसले. "ओला नायटा असता तर बुटात, घामात पसरला असता. बरा होऊन ये म्हणून परत पाठवलं असतं. हा नुसता डाग आहे. जा, पास."

"साहेब, तेवढं लिहून द्या."

"नापासाचं कारण लिहितात, बाबा. पासाला गणवेश देतात."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? पण आमच्या गावात एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं की पास झालेला माणूस परत येत नसतो. यांच्याही आलं नव्हतं. एका बाजूला घरी जायचा रस्ता होता, पण त्या रस्त्याने गेलं तर हातात काहीच नव्हतं, नुसता शब्द, आणि शब्दाला आमच्याकडे कोण भाव देतो! हे दुसऱ्या, गणवेशाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

बातमी आली तेव्हा मला राग आला. अजूनही येतो. कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी एवढं करायला? आणि रागाच्या खाली मी अशी काही सुखावले होते की कितीतरी दिवस भाताला मीठ घालायचं विसरत होते.

सैन्यातलं शिक्षण संपवून हे आले ते तडक आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. कडक गणवेश, बारीक कापलेले केस. बाबा ओटीवर होते. हे शर्टाची बटणं सोडू लागले. डाग दाखवायचा होता, दुसरं काय. बाबा उठून उभे राहिले.

"रव. काय काढू नको," बाबा घाईघाईने म्हणाले. "बटणां लाव. बस, च्याय घी."

मी दाराआड होते. बाबांना असं ओशाळं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आईच म्हणाली, "आता काय तेका खळ्यातच उभो ठेवतलास?"

लग्न झालं. त्या वर्षी रजा जत्रेपर्यंत पुरली आणि पालखीची उजवी दांडी पुन्हा त्या खांद्यावर आली. तेव्हाही ढोल ऐकू आला नाही मला. घरी आल्यावर मी यांना डोळे मिटायला लावले आणि डागावर हलकेच बोट टेकवलं.

"कळता?"

"कळता."

तो आमचा खेळच झाला. पण खेळायला हे होते कुठे? पुढच्या जत्रेला दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर होती. खांदा निर्मळ आहे हे साऱ्या गावाला पटलं होतं, आणि खांदा हजारो मैलांवर होता. मला हवा होता तो असा मिळाला.

मग पाकिस्तानशी लढाई पेटली. हे रजेवर होते, तार आली. मालवणच्या स्टँडवर सगळं गाव लोटलं होतं, सासरे, दीर, माझे बाबासुद्धा. चारचौघांत नवऱ्याकडे नीट बघायचीही सोय नव्हती त्या काळी. हे खिडकीशी बसले, गळ्यापर्यंत बटणं लावून. कंडक्टरने घंटी दिली.

मी सरळ पुढे गेले. सगळ्यांच्या देखत हात वर केला आणि त्या जाड कापडावरून, जिथे तो डाग होता बरोबर तिथे, बोट टेकवलं. 

यांनी डोळे मिटले.

"कळता," म्हणाले.