नववा आंबा

आमच्या वखारीत येऊन एकही आंबा विकत न घेता दुपारभर बसणारा माणूस एकच, नवाचे सर. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. हे नाव त्यांना माझ्या कामगारांनी ठेवलं, आणि कारण मीच झालो.

पेंढ्यात पिकत घातलेले आंबे, काही पिवळे, काही अजून हिरवे, बघून सर एकदा म्हणाले, "शेठ, नऊ आंबे ओळीत मांडा. सारख्या अंतरावरचे तीन एका रंगाचे येता कामा नयेत."

डोक्यावरच्या टोपलीपासून धंदा उभा केलेला मी, आंब्यांना हरणार? आठ झकास बसले: दोन पिवळे, दोन हिरवे, पुन्हा तसेच चार. नववा पिवळा ठेवला तर पहिला, पाचवा आणि नववा जुळले. हिरवा ठेवला तर शेवटचे तिन्ही हिरवे. कितीदा मोडून मांडलं, तेच. शेवटी ओरडलो, "आठावर मिटवा ना!"

"अहो, भांडताय कुणाशी? इथे घासाघीस चालत नाही."

हाताळून हाताळून ते आंबे विकण्याजोगे राहिले नाहीत. दोघांनी तिथेच चोखले.

सर म्हणायचे, "रंग वाढवा, सारख्या अंतरावरचे एकरंगी आंबे तीनऐवजी तीनशे मागा. ओळ पुरेशी लांब असली की मिळणारच."

"कशावरून?"

मग ते पेंढ्यावर बोट फिरवत सांगायचे. "न संपणाऱ्या सगळ्या ओळींचा एक संच धरा. प्रत्येक ओळ एक घर. सुरुवात जुळते ती घरं शेजारी. ओळीतला पहिला आंबा काढला की नवी ओळ, म्हणजे आपण पुढच्या घरी गेलो. ही वाडी बंदिस्त आहे, शेठ. तिथे असं घर असतंच, की निघालेला माणूस ठरावीक पावलांनी घराजवळ येतो, आणखी तितक्याच पावलांनी पुन्हा येतो. जवळ आला म्हणजे रंग जुळला. प्रश्न साध्या आकड्यांचा, पण उत्तर येतं टोपॉलॉजीतून, जागेच्या गणितातून. याचं मला अजून नवल वाटतं."

"कधी येतो ते बोला."

"ते ही सिद्धता सांगत नाही. येतो, एवढंच."

"तारखेशिवाय कसला हो सौदा!"

सरांची बायको वारल्यावर मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. स्टेशनवर मी तिच्यावर खेकसलो, "इथे आम्ही मेलो होतो काय?" सरांना विचारलं, "परत कधी?"

"येणार, एवढं नक्की."

पुढचा सीझन गेला, त्याच्या पुढचाही. त्यांचं स्टूल मी कुणाला बसायला दिलं नाही. राग दोघांवर होता, मुलीवर जास्त.

या मे महिन्यात ती आली, सरांच्या अस्थी घेऊन. "बाबा म्हणाले होते, भाट्याच्या समुद्रावरच ने."

अस्थी सोडून झाल्या. येताना मी पिशवीत आंबे आणले होते. ओल्या वाळूत आठ मांडले. "असं नव्हतं ठरलं, सर," म्हटलं. नववा हातातच राहिला. पिवळाधमक. तो कुठे ठेवायचा?

मुलगी बाजूला उभी होती, बापासारखीच हसत, डोळे भरलेले. आंबा तिच्या हातात दिला.

"खा, बाय," म्हटलं. "आणि वखारीवर चल. स्टूल रिकामंच आहे."