कुलूपताईचा चेहरा

ऑफिसात कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, की ही आणखी कोण आली! सगळ्यांसाठी ती कुलूपताई. दवाखान्यांना मोबाईल ॲप बनवून देणारी ती छोटीशी कंपनी. पेशंटची माहिती फोनमध्ये अशी ठेवायची की फोन पळवणाऱ्याने जन्मभर डोकं आपटत बसावं, हे कुलूपताईचं काम.

तिची पद्धत साधी, पण छळवादी. पेशंटचा रिपोर्ट म्हणजे साधा मजकूर नव्हे, असं तिने प्रोग्रामलाच बजावून ठेवलं होतं. त्यासाठी तिने माहितीचा एक वेगळा प्रकार बनवला आणि त्याचं नाव ठेवलं 'गुपित'. साध्या मजकुराच्या जागी कुणी गुपित घुसवायला गेलं, की ॲप तयारच व्हायचं नाही. आधीच पडद्यावर लाल रेघ. कुठे चुकून छापलं गेलंच, तर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या. आणि कुलपाची किल्ली फोनच्या चिपच्या पोटात, जिथून ती खुद्द कुलूपताईलाही काढता येत नसे.

शेजारच्या टेबलावरचा झटपट, ज्याला प्रत्येक काम कालच व्हायला हवं असायचं, तो रोज कपाळाला हात लावायचा. "अहो ताई, रिपोर्ट नीट दिसतोय का एवढंच बघायचंय मला!"

"मग खोटा घे की. खऱ्यावाचून तुझं काय अडलंय?"

आता गंमत बघा. जगाची गुपितं सांभाळणाऱ्या या बाईला स्वतःच्या तोंडावरचं एकही लपवता यायचं नाही. ऑफिसात कुणाला अचानक भेट द्यायची ठरली, की पहिल्यांदा हिला त्यातून वगळायचे. पोटात असेल ते सगळं गालांवर, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर!

म्हणूनच धाकट्या बहिणीने तिला बजावलं होतं. धाकटीच्या छातीत गाठ लागली होती, तुकडा काढून तपासायला गेला होता. "आईला एक शब्द सांगायचा नाही. जेवण सोडून बसेल ती. आणि रिपोर्ट आला की पहिली मी वाचणार, कळलं? तू आधी वाचलास तर मला वाचायला काही उरायचंच नाही. तुझं थोबाडच सगळं सांगून टाकेल."

घर तिघींचं. पुढचा सगळा आठवडा कुलूपताई आईसमोर मान खाली घालून जेवली.

आणि त्या दिवशी भर दुपारी धाकटी धापा टाकत ऑफिसात हजर. जुना फोन बादलीत पडून मेला होता, आदल्याच दिवशी नवा घेतलेला. "दवाखान्याने रिपोर्ट ॲपवर टाकलाय म्हणे. डॉक्टर उद्याशिवाय भेटत नाहीत. आणि तुझं हे दिवटं ॲप उघडतं आणि मिटतं, उघडतं आणि मिटतं! काढून परत टाकलं, तरी तेच."

कुलूपताईने फोन कॉम्प्युटरला जोडला. ओळी सरसर धावल्या, चांदण्यांवर चांदण्या, आणि शेवटी एक तक्रार: या कुलपाची किल्ली नाही.

"अगं बाई!" म्हणत ती मटकन खुर्चीत बसली. तिच्या सगळं लक्षात आलं. बॅकअपमधून जुन्या फोनमधलं सामान नव्या फोनमध्ये आलं होतं, गुपितांच्या कुलूपबंद पेटीसकट. किल्ली मात्र मेलेल्या फोनच्या चिपमध्येच राहिली. ॲप दर वेळी ती पेटी उघडायला जायचं आणि तोंडावर आपटायचं. चोराचा विचार तिने महिनोन्‌महिने केला होता. फोन बादलीत पाडणाऱ्या बाईचा विचार तिला शिवलाही नव्हता. तिला मनापासून लाज वाटली.

झटपट पुढे झाला. "सोपं आहे ताई. पेटी फेकून द्या, रिपोर्ट दवाखान्याकडून परत मागवा, आणि तेवढ्यापुरतं गुपिताला साधा मजकूर म्हणा. लाल रेघ मी गप्प करतो. आत्ता तुमच्या पडद्यावर दाखवतो."

तुमच्या पडद्यावर. कुलूपताईचा हात थबकला. एका क्षणात कळलं असतं. आठवडाभर छातीवर बसलेला दगड एकदाचा उतरला असता, किंवा आणखी जड झाला असता, पण कळलं तरी असतं! खोटं कशाला बोला, तिला फार मोह झाला.

मग तिने समोर बघितलं. धाकटी नखं खात हिच्या चेहऱ्यावरच डोळे लावून बसली होती.

"पेटी टाकायची, हे बरोबर. परत मागवायचं, हेही बरोबर," कुलूपताई म्हणाली. "पण गुपित ते गुपितच. ते हिच्याच फोनवर उघडेल."

तिने दुरुस्ती केली. किल्ली सापडली नाही तर ॲपने कोसळायचं नाही, जुनी पेटी टाकून नव्याने ओळख विचारायची. आणि यापुढे पेटी बॅकअपमध्ये जाणारच नाही. झटपटने खोटा रिपोर्ट घालून दहादा तपासलं, कुरकुर न करता. मग नवं ॲप धाकटीच्या फोनवर चढवलं.

"घे. वाच," म्हणून कुलूपताईने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवरचं घड्याळ तिला नुसतं दिसत होतं, वेळ काही कळत नव्हती.

"ताई."

"वळू?"

"वळ. साधी गाठ आहे गं. साधी! काही म्हणजे काही नाही!"

कुलूपताई भोकाड पसरून रडली. झटपटने तिच्यासाठी पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. जिना चढताना धाकटीने दम भरला, "आईला अजूनही नाही सांगायचं हं. उगाच मागाहून घाबरेल. तोंड सरळ कर."

"केलंय की."

"हे सरळ?"

दार आईनेच उघडलं. तिने थोरलीकडे एकदाच बघितलं आणि धाकटीला ओढून घट्ट पोटाशी धरलं. "बरं निघालं ना सगळं?"

"तुला कुणी सांगितलं?" धाकटी ओरडली.

"सांगायला कशाला हवं? आठवडाभर हिचं तोंड बघत होते मी, तुझ्याकडे नजर गेली की उतरायचं," आई डोळे पुसत हसली. "चला, पानं घेते. आज मलाही दोन घास जातील."