मुरुमच्या मैदानावरची फक्कीची रेघ

मुरुमला वाजवणाऱ्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून या, असा निरोप आला तेव्हा मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? उमेदीची वर्षं मी एका पलटणीच्या बँडात ड्रम वाजवला. निजामाचं राज्य गेलं, पलटण मोडली आणि मी औरंगाबादेत पोरांना ताल शिकवत बसलो. परीक्षकाच्या खुर्चीवर मला आजवर कुणी बसवलं नव्हतं. दसरा होऊन गेला होता. पहाटेच्या पहिल्या एस.टी.च्या टपावर ट्रंक चढवली आणि निघालो.

बीड मागं पडलं, बालाघाटाचे बोडके डोंगर दिसू लागले आणि गाडी तेरखेड्याला थांबली. दिवाळीत आपण उडवतो त्यातले कितीतरी फटाके या गावात हातानं भरले जातात. सात-आठ माणसं ढोल-ताशे टपावर बांधून आत चढली. तसा कंडक्टर ओरडला, "बिड्या विझवा रे! तेरखेड्याची मंडळी आली. उडवाल आमाला!" सगळी गाडी हसली. ती माणसं मात्र ढिम्म. मनात म्हटलं, काय शिष्ट लोक आहेत! थट्टासुद्धा सोसत नाही.

त्यांचा म्होरक्या माझ्याच शेजारी बसला. पन्नाशीचा, किडकिडीत, बोटांच्या पेरांत करडी पूड मुरलेली. नाव हरिबा. मी विचारलं, "स्पर्धेला का?" तो समोरच बघत राहिला. पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"मोठ्यानं बोला मास्तर. कान गेलं आमचं. बार भरायचा, उडवून बघायचा, जन्म त्याच्यातच गेला. ह्या समद्यास्नी कमीच ऐकू येतंय."

"मग वाजवता कसं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बघून," तो म्हणाला.

मला हसू आलं. कानानं अधू माणसांचा ताफा ताल धरणार! बाकीचा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि तुरीची पिवळी फुलं, आणि आत धुरळा इतका की रुमालाचा रंग बदलला.

उस्मानाबादेला गाडी बदलली. नळदुर्ग ओलांडल्यावर नव्या गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर कपाळावर हात मारून खाली उतरला. उतारू लिंबाच्या सावलीला गेले. तेरखेड्याच्या मंडळींनी मात्र वाद्यं उतरवून उन्हात मांडली. ताशाचं कातडं तापवल्याशिवाय बोलत नाही, हे मलाही ठाऊक होतं, पण आपण त्यासाठी काटक्या पेटवतो. मी काडेपेटी पुढं केली तर दोघं-तिघं दचकून मागं सरले.

"जाळ नक्को मास्तर," मोठ्या ढोलाचा इस्माईल हसत म्हणाला. "अपने हाथ को आग की आदत नहीं. हम धूप में तपाते."

कातडी तापली आणि ते रिंगण करून उभे राहिले. मधोमध हरिबा आणि त्याचा ताशा, भोवती ढोल आणि झांज, सगळ्यांची तोंडं आत. बघणाऱ्याच्या वाट्याला नुसत्या पाठी! पलटणीत आम्ही ड्रम मागच्या ओळीत लावत असू, मोठा ड्रम मधोमध, म्हणजे पुढच्यांना पाठीमागून ताल ऐकू येई. ती मांडणी ऐकणाऱ्यांची. ही मांडणी एकमेकांना बघून वाजवणाऱ्यांची होती. चाल बदलायच्या आधी हरिबा हनुवटी किंचित वर करी आणि पुढच्या टोल्याला सगळे हात एकदम वळत. इस्माईलचा ढोल समोरच्याच्या थेट छातीत घुमत होता. काय वाजवलं हो! चाक बसवून झालं तरी ड्रायव्हर हाक मारायचं विसरला. मघाच्या माझ्या हसण्याची मलाच लाज वाटली.

गाडी सुरू झाल्यावर हरिबा आपणहून बोलला. "जो ताफा जिंकंल त्याला मुरुमचे लोक कायम ठिवणार हायत. जत्रा, मिरवणुकी, वर्षभराचं काम. मिळालं तर मी फटाक्याच्या दारूत हात घालायचा न्हाय. ह्यांनाबी घालू देणार न्हाय. माझा धाकटा भाऊ इस्माईलच्या शेजारी बसून माल भरायचा मास्तर. एक दिस बार हातातच उडाला. गेला. तवापास्नं आमचं एकच म्हणणं हाय, हितनं निघायचं."

परीक्षकानं शब्द द्यायचा नसतो, एवढंच भान ठेवलं. पण मनातून मी निकाल लावून टाकला होता.

मुरुमला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सीमेवरचं गाव, बाजारात मराठीइतकीच कानडी कानावर येते. खानावळवाल्यानं पहिलाच प्रश्न केला, "ऊट आयता?" (जेवण झालं का?) आणि उत्तराची वाट न बघता पानात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि हुग्गी (गव्हाची खीर) वाढली. माणूस अगत्याचा. मुरुममध्ये मला वाईट माणसं भेटली असं मी म्हणणार नाही.

सकाळी मैदानावर गेलो. मांडवात गाद्या-तक्के आणि समोर फक्कीची पांढरीफेक रेघ. संयोजकांचे चिटणीस, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, मला कौतुकानं दाखवू लागले, "सगळ्यांनी या रेघेवर एका ओळीत उभं राहायचं. तोंड मांडवाकडं. प्रमुख पाहुण्यांना कुणाची पाठ दिसता कामा नये."

मी म्हटलं, "तेरखेड्याच्या ताफ्याला रिंगण लागतं. त्यांना ऐकू येत नाही, ते एकमेकांना बघून वाजवतात."

"पाहुण्यांना पाठ दाखवायची? आमच्या गावची काही रीत आहे का नाही?"

"मग एकट्या हरिबाला वळू द्या. त्याची एकट्याची पाठ दिसेल. एवढं चालवून घ्या."

"मास्तर," भाऊसाहेब गोड हसले, "परीक्षण तुमचं. मैदान आमचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार शब्द मी वाढवलेसुद्धा, पण मधेच हरिबानं माझा हात धरला. आमचे हातवारे बघून त्याला सगळं उमगलं होतं. तो भाऊसाहेबांपुढं वाकला. "उभं ऱ्हातो साहेब. तुमी म्हणाल तसं." काम हवं होतं ना त्याला.

आधी लाल कोटवाल्या एका ताफ्यानं बेताचंच वाजवलं, पण ओळीत वाजवलं. मग हे आले. हरिबा रेघेच्या मधोमध, इस्माईल पार टोकाला. पहिली चाल सुरू झाली. टोकाची माणसं माना वळवून हरिबाकडं बघायला लागली, तसं गादीवरून कुणीतरी फिसकन हसलं. हसणं ऐकू गेलं नसेल, दात तर दिसलेच असतील! त्यांनी ओशाळून माना सरळ केल्या. आणि नेमकी तेव्हाच हरिबानं हनुवटी उचलली. चाल बदलली. इस्माईलचा ढोल मात्र जुन्याच चालीवर, मन लावून, डोळे मांडवाकडं ठेवून वाजत राहिला. आपण एकटे पडलो हे त्याला कळलंच नाही. झांज एकीकडं, ढोल दुसरीकडं. मांडवात हशा उसळला. प्रमुख पाहुणे तक्क्यावर रेलून डोळे पुसत होते.

आम्ही तिघं परीक्षक. मी तेरखेड्याचं नाव लावून धरलं. बाकीचे दोघं, एक वकील आणि एक व्यापारी, माझ्याकडं कीव येऊन बघत राहिले. "मास्तर, आम्हालाही कान आहेत," वकील म्हणाले. लाल कोट जिंकले.

पाहुणे चहाला उठल्यावर भाऊसाहेबांनाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "आता मांडव रिकामा आहे. घ्या तुमचं रिंगण, वाजवा हौसेनं." मी हरिबाला खुणेनं ते सांगितलं. त्यानं रिकाम्या गाद्यांकडं बघितलं. "आता कुणासाठी?" एवढंच म्हणाला आणि ताशाला फडकं गुंडाळायला लागला.

परतीच्या गाडीत आम्ही बरोबरच होतो. इस्माईलला आपलं काय चुकलं ते अजून समजलं नव्हतं. तो सारखा हरिबाला विचारत होता, "मेरा बराबर था ना?" आणि हरिबा प्रत्येक वेळी मान हलवून होय म्हणत होता.

तेरखेड्याला ढोल उतरवायला मी टपाखाली हात दिला. हरिबाच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आता काय करणार?"

"दिवाळी तोंडावर आलीय मास्तर. माल भराय पायजे," तो म्हणाला आणि चालू लागला.

दिवाळीला मी घरीच होतो. शेजारच्या पोरांनी अंगणात सुतळी बॉम्ब मांडला आणि मला हौसेनं हाक मारली, "मास्तर, या ना! तेरखेड्याचा माल आहे!" मी दारात जाऊन उभा राहिलो. वात पेटली तशी पोरांनी कानांवर हात घट्ट दाबले. मला माझे हात उचलवेनात.