फाट्यावरची डहाळी

गडचिरोली सोडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. वैनगंगेच्या पुलावर गार वारा होता. खाली वाळूत डांगरांच्या (खरबुजांच्या) वाड्या हिरव्या दिसत होत्या. आमच्या सायकल दौऱ्याचा हा शेवटचा दिवस. नागपूरहून निघून चिमूर, ब्रह्मपुरी, कुरखेडा करत आम्ही तिघे आज मूलमार्गे बल्लारपूरला पोचणार होतो. दातार आमचे प्रमुख, त्यांची सायकल गिअरची. मी शाळामास्तर. तिसरे युसुफभाई, बल्लारपूरचे शिंपी, जुन्या काळ्या सायकलवर. सर्वांत हळू तेच, म्हणून कायम सर्वांत पुढे तेच. हा नियम दातारांनीच घातला होता.

"निघतानी गल्लीतल्या टपरीवर सारे हसले," युसुफभाई पुलावर म्हणाले. "म्हणे, पायमशीन चालवनं वेगळं, सायकल वेगळी. घरून पण सांगितलं, थकले त ट्रकमंदी बसजा. मी म्हटलं, ट्रकमंदी बसलो त गल्लीत तोंड दाखवनार नाई."

मूलला तर्री-पोहे खाल्ले. दातार फोन करायला गेले आणि घाईघाईने परतले. बल्लारपूरच्या सत्काराचा पाहुणा लवकर निघणार होता.

"आता नियम राहू दे," ते म्हणाले. "आपण दोघं पुढे होऊ. युसुफभाई येतील मागून."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. युसुफभाईंनी ताटलीतून मान वर केली नाही. "जा ना. फक्त फाट्यावर डहाळी टाका, गुरुजी."

डहाळीचं सांगायला हवं. कुरखेड्याकडच्या जंगलात एका गोंड म्हाताऱ्याने ती पद्धत आम्हाला दाखवली होती. फाटा आला की पुढच्याने चुकीच्या रस्त्यावर हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणारा ती पाहतो आणि दुसरा रस्ता धरतो. त्या दिवसापासून फाट्याआधी तेवढ्यापुरतं पुढे होऊन रस्ता विचारायचं आणि डहाळी टाकायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

मूलच्या पुढे जंगलात नाल्यावरचा पूल खचला होता. वाहतूक कच्च्या रस्त्याने वळवली होती. थोडं आत गेल्यावर फाटा लागला. मोळी टेकवून बसलेल्या एका बाईने डावा रस्ता सांगितला आणि ती आपल्या वाटेने गेली. डावा अरुंद होता. उजव्यावर बांबूच्या ट्रकांच्या रुंद चाकोऱ्या होत्या. नवख्याला तोच खरा वाटावा. मी उतरलो, नाल्याकाठच्या करंजाची डहाळी धरली.

"गुरुजी, पाहुणा निघून जाईल," दातार ओरडले. "कळेल त्यांना. लहान आहेत का ते?"

मी डहाळी सोडली. ती झटक्याने वर गेली.

पुढे तलाव लागला. काठावर एक ढिवर बाई जाळ्यातून मासे सोडवत होती. दातारांनी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. बाई हसत म्हणाली, "सायकलीवर काऊन फिरता, भाऊ? एस्टी बंद पडली का?" मग माझ्याकडे वळली. "मागं कोनी हाय?"

"एक जण आहे."

"फाट्यावर डहाळी टाकली ना?"

"नाही."

तिचे हात थांबले. "मंग तो बांबूच्या डेपोकडं गेला. तिकडं मानूस नाई आता, कटाई संपली. उन्हं उतरली का पाण्यावर जनावर (वाघ) येते."

"परत फिरतील ते," दातार म्हणाले. "सत्काराला एकटा मीच गेलो तर कसं दिसेल?"

"हार घ्या तुम्ही," मी म्हणालो. "तिघांचे घ्या."

मी सायकल वळवली. पायडलागणिक दातारांना शिव्या देत होतो. पाहुण्याला, सत्काराला, त्या गिअरच्या सायकलीलाही. फाटा दिसला तेव्हा लक्षात आलं की डहाळी सोडणारा हात दातारांचा नव्हता. राग त्याने कमी झाला नाही. मी उजव्या रस्त्याला लागलो.

युसुफभाई डेपोच्या अलीकडे भेटले. घसरलेली चेन बसवून, काळ्या हातांनी सायकल ढकलत परत येत होते.

"रुंद रस्ता पाहून नाई गेलो मी," ते म्हणाले. "डहाळी नव्हती म्हून गेलो. गुरुजी टाकल्याशिवाय जात नाई. मंग म्हटलं, दोन्ही रस्ते तिकडंच निघत असन."

मी सायकल वळवली.

फाट्यावर ते थांबले. करंजाची एक डहाळी मोडली आणि डेपोच्या रस्त्यावर आडवी टाकली.

"आता मागे कोण आहे?" मी विचारलं.

"असन कोनी. तुमी व्हा पुढं."

"पण नियम..."

"नियम तुमच्यापाशी ठेवा. मले आता माझ्यामागं कोनी नको."

मी पुढे झालो. बल्लारपूरपर्यंत मान वळवून वळवून पाहत राहिलो. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, कागद कारखान्याचा उग्र वास गावभर होता, मंडपाचे बांबू सोडणं चाललं होतं. दातार गाडीने निघून गेले होते. युसुफभाईंच्या गल्लीच्या तोंडाशी मी उतरलो आणि बाजूला उभा राहिलो. ते न बघता पुढे गेले, सायकलवर, ताठ बसून. दारात त्यांची बायको उभी होती.

टपरीवरून आवाज आला, "काय दर्जी, ट्रक कुठी सोडला?"

"गुरुजीले विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. "सगळा रस्ता सायकलनेच आले," मी म्हणालो. "आमच्या प्रमुखांपेक्षा जास्तच चालवली त्यांनी."

लोक हसले, कोणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जास्त का, ते मी तिथे सांगितलं नाही. युसुफभाईंनीही सांगितलं नाही. ते नळावर हात धुवत राहिले.

नागपूरला परतल्यावर दातारांनी मला दौऱ्याच्या शेवटच्या दिवसाचा वृत्तांत लिहायला सांगितला. हाच तो.