बुधवारी चालतं

सतीश मयेकर खोटं बोलण्यात अगदी कच्चा. म्हणूनच की काय, एक खोटं एकदा जमलं ते त्याने पाच वर्षं सोडलं नाही, आणि त्यात देवांनाही ओढलं.

हॅरोला स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर मॅनोलिसचा टॅव्हर्ना होता. टॅव्हर्ना म्हणजे ग्रीकांची खाणावळ, फक्त इथे दारू लागते आणि कुणी भराभरा जेवून उठलं तर मालकाला अपमान वाटतो. मॅनोलिस कालिम्नोस बेटावरचा, सतीश मालवणचा. सतीश जहाजावर भटारखान्यात होता, तिथून लंडनमध्ये उतरला आणि इथलाच झाला. निखाऱ्यावर ऑक्टोपस भाजावा तर सतीशनेच, असं मॅनोलिस गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचा. "माझा सतीस!" ग्रीकांना 'श' म्हणता येत नाही, त्याला काय करणार?

पहिल्याच संध्याकाळी मॅनोलिसने त्याच्यापुढे ऊझोचा ग्लास ठेवला. ऊझो म्हणजे त्यांची बडीशेपेच्या वासाची दारू. दिसायला नळाच्या पाण्यासारखी, पण तिच्यात पाणी ओतलं की दुधासारखी पांढरी होते.

खरं सांगायची वेळ तीच होती. सांगायचं की बाबा रे, मी दारुडा होतो. मुलीला शाळेतून आणायला निघालो आणि स्टेशनच्या बाकावर झोपून गेलो. निधी अंधार पडेपर्यंत शाळेच्या गेटपाशी उभी होती. बायको तिला घेऊन लेस्टरला बहिणीकडे गेली, ती मी सोडल्यावरच परत आली. पण नव्या मालकाला हे कोण सांगतं? सतीशच्या तोंडून निघालं, "आज गुरुवार. दत्ताचा वार. चालत नाही."

मॅनोलिसने चटकन छातीवर क्रॉस केला आणि ग्लास उचलून घेतला. देवाधर्माच्या बाबतीत तो फार हळवा होता.

दुसऱ्या दिवशी देवी आली. शनिवारी मारुती. रविवारी खंडोबा, सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती. "ऑक्टोपस चालतो?" मॅनोलिसने काळजीने विचारलं. "ऑक्टोपसबद्दल देव काही बोललेले नाहीत," सतीश म्हणाला. बुधवारी त्याची सुटी, त्यामुळे त्या वाराला देव नेमायची गरजच पडली नाही. पुढे कधीतरी मॅनोलिसने विचारलं, "मग रिकामा वार कुठला?" आणि हा गाफील माणूस कांदा चिरता चिरता बोलून गेला, "बुधवार. बुधवारी चालतं."

मॅनोलिसला तो शब्दच आवडला. रोज स्वयंपाकघरात डोकं घालून विचारायचा, "सतीस, आज चालतं?" श म्हणता येत नव्हता, पण 'चालतं'मधला आपला च मात्र त्याला असा साधायचा की पुण्याच्या मास्तरांनी पाठ थोपटावी.

२००६ साली मॅनोलिसचे गुडघे गेले. बेटावर परत जायचं ठरलं. टॅव्हर्ना निम्मा थोरल्या भावाचा, लेफ्टेरिसचा. त्याच्या मनात जागा मोबाइलच्या दुकानवाल्याला द्यायची, मॅनोलिसच्या मनात सतीशने चालवायची. सतीश बावन्न वर्षांचा. त्या वयात नव्या स्वयंपाकघरात कोण उभं करणार? भाऊ माणूस बघायला येतो म्हणाला. त्यांच्यात शब्द द्यायचा तर एकत्र ग्लास रिकामा करून, मग हात मिळवून. त्याशिवाय शब्द नाही.

मॅनोलिस आनंदाने फुलून आला होता. "सगळं जमवलंय! बुधवारी बोलावलाय त्याला. मुद्दाम. तुला चालतं ना!"

सतीशने रात्री घरी जाऊन बायकोला, श्यामलाला, सगळं सांगितलं.

बुधवारी सकाळी श्यामला त्याच्यासमोर फोन घेऊन उभी राहिली. "अहो, आत्ताच्या आत्ता लावा आणि खरं सांगून टाका."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"तर नाही म्हणू दे. पण एक घोट जरी गेला ना, तर मी निधीला घेऊन लेस्टरला. आणि या वेळी रिटर्न तिकीट काढणार नाही."

त्याने फोन केला नाही. त्याच्या डोक्यात वेगळीच युक्ती शिजत होती. लवकर जाऊन त्याने स्वयंपाकघरात एका ग्लासात पाणी घेतलं आणि चमचाभर दूध टाकलं. हुबेहूब ऊझो. ग्लास फडताळामागे लपवताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्याने तो लपवला.

दुपारी तीनला लेफ्टेरिस आला. काळा कोट, पांढऱ्या मिशा, इंग्रजीचा गंध नाही. सतीशने भाजलेला ऑक्टोपस त्याने न बोलता संपवला, पावाने ताटलीतलं लिंबू-तेलही पुसून घेतलं. मॅनोलिसने टेबलाखालून सतीशच्या पायावर पाय मारला. जमलं!

"मी ग्लास भरून आणतो," सतीश उठला.

लेफ्टेरिसने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. सदऱ्यात गुंडाळून बेटावरून आणलेली बाटली त्याने पिशवीतून काढली आणि तिन्ही ग्लास स्वतःच्या हाताने भरले. मग वर पाणी. सतीशच्या डोळ्यांदेखत ग्लास पांढरे झाले.

बडीशेपेचा वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. पाच वर्षं हा वास तो गिऱ्हाइकांच्या टेबलावर पोचवत आला होता, पण तेव्हा हातात ट्रे असायचा. आता ग्लास त्याचा होता. एकच तर आहे, आतून कुणीतरी म्हणालं. एका ग्लासाने काय होतंय? त्या आवाजाला तो चांगला ओळखत होता. स्टेशनच्या बाकावरही तोच बोलला होता.

दोघा भावांनी ग्लास उचलले. सतीशनेही उचलला, हनुवटीपर्यंत नेला. थोडा ऊझो काठावरून बोटांवर सांडला. लेफ्टेरिस त्या हाताकडे बघत होता.

सतीशने ग्लास खाली ठेवला.

"मला चालत नाही," तो म्हणाला. "कुठल्याच वारी नाही. देवांचा काही संबंध नाही, मॅनोलिस. मी दारुडा आहे. आज प्यालो तर उद्या निखारे पेटवायला येणार नाही."

मॅनोलिसचा चेहरा उतरला. भावाने काहीतरी विचारलं. त्याने ग्रीकमध्ये सांगितलं, बराच वेळ सांगत राहिला. लेफ्टेरिसची नजर सतीशच्या बोटांवरून हलेना. सतीशला वाटलं, संपलं. तो एप्रन काढायला उठला.

"थांब," मॅनोलिस म्हणाला. आवाज दुखावलेला होता. "शंकर खोटा?"

"वार खोटा."

"मारुती?"

"तोही."

"आणि गुरुवार? दत्त?"

"तो खरा आहे. आई करायची, म्हणून मीही करतो."

मॅनोलिसने मोठा श्वास सोडला. "बरं झालं. कारण पाच वर्षं गुरुवारी मीही घेत नाही. तू आत उपाशी राबणार आणि मी बाहेर ढोसणार, बरं नाही वाटायचं."

 सतीशचे डोळे भरून आले, ते त्याने एप्रनला पुसले.

मॅनोलिसने हेही भावाला सांगितलं असावं, कारण तो म्हातारा पहिल्यांदाच हसला, खो खो हसला. मग हसू आवरून त्याने स्वतःचा ग्लास रिकामा केला आणि टेबलावरून हात पुढे केला. सतीशने ऊझोने ओला झालेला हात एप्रनला पुसून त्याच्या हातात दिला. पण लेफ्टेरिस सोडेना. सतीशच्या ग्लासाकडे बघून त्याने भुवई उंचावली. शब्द दिला तर ग्लास रिकामा व्हायलाच हवा.

मॅनोलिसने आपला ग्लास संपवला, मग सतीशचा आपल्याकडे ओढला.

"आज बुधवार," तो म्हणाला. "मला चालतं."